माडीची किल्ली

बारा फूट रुंदीच्या गल्लीत वीस फूट रुंदीचा मांडव घालायची परवानगी मागणारी बाई अख्ख्या बेळगावात मीच असेन. अर्जावर अक्षर माझं होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणावर ढकलायचीही सोय नव्हती. गणपतीचा अर्ज भरायला मी का गेले, हे सांगायचं तर थोरलीच्या दहावीपासून सुरुवात करायला पाहिजे.

आमची गल्ली जुन्या गावातली. खडेबाजाराकडून आत वळलं की दोन्ही अंगांना कौलारू घरं, एकेका घराचे चार-चार वाटे झालेले, मध्येच कुणीतरी उंच बांधलेलं. आमच्या वाट्याला दहा बाय बाराची एक खोली आणि मागे मोरी. त्यात सासूबाई, आम्ही दोघं, दोन मुली आणि माझं शिवणाचं मशीन. घरचे उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. रात्रपाळी असली की ते दिवसा झोपतात, तेव्हा मशीन बंद, टीव्ही बंद, बोलणंसुद्धा हळू. दिवसपाळी असली की हे सगळं एकदम सुरू. थोरली दहावीला गेली त्या जूनमध्ये ती वह्या घेऊन शेजारच्या लाकडी जिन्यावर बसायला लागली. वरच्या बिऱ्हाडातलं कुणी आलं की उठायचं, गेलं की परत बसायचं. तासाभरात दहा वेळा. एकदा तिनं मला सहज सांगितलं, "आई, वट्ट 625 मार्कांचा पेपर आहे, खरं माझे दोनशे जिन्यातच जाणार." (वट्ट म्हणजे एकूण, आणि आमच्याकडे "खरं" म्हणजे "पण".)

गल्लीतल्या पारूआज्जी म्हणतात तसं, आमच्याकडे घर निजायला, बाकी सगळं गल्लीत. (पारूआज्जी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण सगळ्या गल्लीत एकतरी अशी आज्जी असतेच.) गल्लीत प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, आणि ती कुणी ठरवली ते कुणालाच सांगता येणार नाही. मारुतीच्या देवळाचा कट्टा संध्याकाळनंतर पुरुषांचा. दुपारी तिथं म्हातारे बसतात, त्यांच्यात एखादी आज्जी चालते. सात वाजले की नाही. अंगणवाडीची खोली दुपारपर्यंत पोरांची, नंतर कुलूप. बायकांची जागा म्हणजे नळ. शहराच्या 58 वॉर्डांपैकी दहा वॉर्डांत 2008 पासून चोवीस तास पाणी आहे, आम्ही त्या दहांत नाही. राकसकोप धरणाचं पाणी आमच्याकडे आठवड्यातून एखाद-दोनदा येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका रस्त्यावर. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची भिशी लागली, कुणाच्या घरात रात्री भांडण झालं, सगळं नळावर कळतं. चोवीस तास पाणी आलं तर बरंच होईल, खरं मग आम्ही एकमेकींना भेटणार कधी, असं एकदा शेजारची वैनी म्हणाली होती. हसण्यावारी गेलं. पण ते खोटं नव्हतं.

सण आले की मात्र गल्ली सगळ्यांची. होळीच्या दुसऱ्या दिवशी पांगुळ गल्लीत अश्वत्थाम्याच्या देवळापुढे भर रंगात लोटांगणं घालतात, तिथं आमच्या निम्म्या गल्लीचा नवस असतो. नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड येते. रांगोळी काढायची तर साडेचारलाच उठावं लागतं. दिवाळीत पोरं किल्ले करतात, त्या चार दिवसांत सगळी माती, विटा, पोती रस्त्यावर. आणि गणपती तर काय, 1905 साली टिळकांनी झेंडा चौकात सार्वजनिक गणपती बसवला, हे आमच्याकडे पोराला पाढ्यांच्या आधी सांगतात. खरं हे सगळं रस्त्यावर. पाऊस आला की ताडपत्री, सण गेला की परत स्कूटरी. डोक्यावर छप्पर असलेली सगळ्यांची अशी जागा गल्लीत एकच होती, तालमीची माडी. आणि तिला कुलूप.

तालीम म्हणजे खाली लाल मातीचा हौद, कोनाड्यात मारुती, भिंतीला लावून ठेवलेली करेलं आणि गदा. माती ताक, हळद, तेल घालून पूर्वी महिन्या-महिन्याला तयार करायचे म्हणे. आता तीनच पोरं येतात, तीही जिमला पैसे नसलेली. वरती एक लांबट खोली, तिला बाहेरून जिना. खोलीत मंडळाचं सामान. किल्ली पंचांच्या घरी, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला.

मी पहिल्यांदा तोंडी विचारलं. मोठे पंच, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, कट्ट्यावर एकटेच होते म्हणून दुपारचीच गेले. म्हटलं, अण्णा, माडी संध्याकाळी दोन तास पोरींना अभ्यासाला द्या. ते म्हणाले, "बघूया की." आमच्याकडे "बघूया की" म्हणजे नाही. "बघतो" म्हणाले तर थोडी आशा ठेवायची.

दुसऱ्या खेपेला लेखी अर्ज केला. नळावर सह्या घेतल्या, तेवीस झाल्या, त्यातले सहा अंगठे. मुजावर भाभींनी उर्दूत सही केली, कोपऱ्यावरच्या कन्नड मास्तरांच्या बायकोनं कन्नडमध्ये. अर्ज मराठीत. तो कागद बघून माझी मलाच मौज वाटली. इथं भाषेवरून एवढं होतं आणि आमच्या कागदावर तीन लिप्या आणि सहा अंगठे गुण्यागोविंदानं बसलेले.

शनिवारी मारुतीची आरती झाल्यावर पंचांची बैठक असते. मला बोलावलं नव्हतं, पण अर्ज माझा म्हणून मी आणि वैनी जाऊन कट्ट्याच्या खाली उभ्या राहिलो. कट्ट्यावर बसा असं कुणी म्हणालं नाही, आणि आम्हीही बसलो नाही. चर्चा आमच्या देखत आमच्याशिवाय चालली. एक म्हणाले, सामान कुठं ठेवायचं. दुसरे म्हणाले, तालमीत बायका कशा चढणार, मारुती आहे. जिना बाहेरून आहे, असं मी खालूनच सांगितलं. तेवढ्यावर तो मुद्दा मिटला, कारण जिना खरोखरच बाहेरून होता. मग लाईट बिल. मग, पोरी रात्री आठपर्यंत वर बसणार, काही झालं तर जबाबदारी कुणाची? याला उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, की जिन्यात बसल्यावर जबाबदारी कुणाची असते, पण ते मला घरी आल्यावर सुचलं. मला अशी उत्तरं नेहमी घरी आल्यावरच सुचतात.

गणपती होऊ देत, मग बघू, असं ठरलं.

इथं नशिबानं हात दिला. मंडळाचे सगळे कागद जो पोरगा बघायचा, त्याला ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्याला नोकरी लागली आणि तो गेला. आमच्या गल्लीतली शिकलेली पोरं पुण्यालाच जातात, त्यात नवल काही नाही. पण परवानगीचे फॉर्म कन्नडमधून, आणि बाकीच्यांना कन्नड बोलता येतं, भांडता येतं, वाचायला सांगितलं की चष्मा घरी राहिलेला असतो. माझी आई बैलहोंगलची. घरात दोन्ही भाषा होत्या, शाळेत मराठी माध्यम असलं तरी कन्नड विषय मी मन लावून केला होता. हे कुणीतरी अण्णांना सांगितलं असणार. ते स्वतः दारात आले. आत या म्हटलं तर म्हणाले, "नको, तू काम करूलीस." मग उंबऱ्यावरूनच, "तेवढे गणपतीचे फॉर्म भरून दे की."

मी म्हटलं, देतो की. आमच्याकडे बायकाही "देतो", "जातो" म्हणतात, बाहेरच्यांना गंमत वाटते. देतो की अण्णा, खरं माडीचं काय?

ते काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "बघतो."

एक खिडकी म्हणजे काय, हे मला तोवर पेपरात वाचूनच माहीत. पोलीस, महापालिका, वीज, अग्निशमन अशा सगळ्यांच्या परवानग्या एका जागी मिळाव्यात म्हणून गणपतीच्या आधी ही सोय करतात. खिडकी एक, खरं रांग एक नव्हे, एवढं तिथं गेल्यावर कळलं. आमच्याबरोबर त्या दिवशी निदान पंधरा मंडळांची पोरं होती. मी एकटीच बाई, म्हणून सगळे मला वाट देत होते आणि त्यामुळे मी कुठल्या रांगेत आहे तेच मला कळत नव्हतं.

कागद काय काय लागले ते सांगते, कुणाच्या उपयोगी पडेल. मंडळाच्या पाच जबाबदार माणसांची नावं, पत्ते, फोन आणि ओळखपत्रांच्या प्रती. मांडवाच्या जागेचा हातानं काढलेला नकाशा, त्यात रस्ता, जवळचं देऊळ किंवा मशीद, विजेचा खांब. मूर्तीची उंची. बसवण्याची आणि विसर्जनाची तारीख, विसर्जनाचा मार्ग. रात्री मांडवात कोण झोपणार त्यांची नावं. तात्पुरत्या वीज जोडणीचा अर्ज वेगळा, कारण खांबावरून आकडा टाकून रोषणाई करायचे दिवस गेले. आणि स्पीकरसाठी हमीपत्र: रात्री दहा ते सकाळी सहा बंद, वस्तीत दिवसा 55 डेसिबलच्या वर नाही. 55 म्हणजे किती, असं मी तिथल्या एका पोराला विचारलं. तो म्हणाला, "काकी, आपण आता बोलूलोय तेवढंच." मग ढोल-ताशाचं काय? तो हसला.

पाच जबाबदार माणसांत चार नावं अण्णांनी दिली होती. पाचवं त्या पुण्याला गेलेल्या पोराचं असायचं. तिथं मी माझं लिहिलं. कुणाला विचारलं नाही. धैर्य वगैरे काही नव्हतं. जागा रिकामी होती आणि मागं रांग होती.

आता वीस फुटांकडे येते. फॉर्मवर स्थापना, विसर्जन, मार्ग हे शब्द संस्कृतातलेच, कन्नडमध्ये जरा शेपूट बदलून येतात, ते कुणालाही कळतात. अडतं ते अस्सल कन्नड शब्दांशी. मांडवाचं माप लिहायचं होतं: उद्द, अगल, एत्तर. एत्तर म्हणजे उंची, हे पक्कं माहीत. उद्द म्हणजे लांबी आणि अगल म्हणजे रुंदी, हेही माहीत, आईनं हजार वेळा साड्यांचं माप घेताना म्हटलेलं. पण मागे रांग, पुढे साहेब, आणि मी घाईनं उद्दच्या जागी आठ आणि अगलच्या जागी वीस लिहून मोकळी. आठ फूट लांब आणि वीस फूट रुंद. नकाशात मात्र गल्ली बारा फुटांची दाखवलेली, तीही माझ्याच हातानं.

साहेबांनी कागद बघितला, नकाशा बघितला, चष्मा वर केला. "अक्का, रस्ते एल्लिदे?" ताई, रस्ता कुठाय?

मला वाटलं ते पत्ता विचारताहेत. मी कन्नडमध्ये खडेबाजारापासून आमच्या गल्लीपर्यंतची वाट सांगायला लागले. डावीकडे वळा, मग पिठाची गिरणी. मागची पोरं आधी हसली. मग साहेब हसले. त्यांनी पेन्सिलीनं दोन्ही घरांच्या भिंती फोडून मांडव काढून दाखवला तेव्हा मला कळलं. नवीन फॉर्म घेतला, परत सगळं भरलं, आणि पाच जणांपैकी एकाच्या ओळखपत्राची प्रत घरी राहिली होती म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला लांबूनच ओळखलं. "ट्वेंटी फीट," म्हणाले. आजही मंडळातली पोरं मला वीस फूटवाली काकी म्हणतात, तोंडावर नाही, पण मला माहीत आहे.

जागेची पाहणी करायला माणूस आला, गाड्या जाण्यापुरता रस्ता मोकळा राहतोय का बघून गेला. वीज जोडणीची अनामत भरली. परवानगी हातात आली ती 7 सप्टेंबरच्या चतुर्थीला तीन दिवस राहिले असताना.

गणपतीचे दिवस नेहमीसारखेच गेले, त्याचं वर्णन काय करायचं. एक फरक झाला. महाप्रसादाच्या आदल्या रात्री भाजी चिरायला बायका लागतातच, पण त्या वर्षी किती माणसांचं करायचं, हे ठरवतानाही आम्हाला विचारलं. तिनशे म्हणाले, मी साडेतीनशे म्हटलं. साडेतीनशेही कमी पडलं, शेवटच्या पंगतीला नुसता भात आणि आमटी. मुजावर भाभींकडून दरवर्षीप्रमाणे नारळाचं पोतं आलं. आधीच्या वर्षी, 2023 ला, अनंत चतुर्दशी आणि ईद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आले होते, तेव्हा त्यांच्या लोकांनी मिरवणूक पुढं ढकलली होती. ते आमच्या गल्लीत अजून कुणी विसरलेलं नाही. विसर्जनाला हुतात्मा चौकातून निघून कपिलेश्वराच्या तलावाला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तेही नेहमीचंच. आमच्या मिरवणुका दुसऱ्या दिवशीच संपतात, पंचावन्न डेसिबल कुठं राहतात ते विचारू नका.

पितृपक्ष संपल्यावर मी परत अण्णांकडे गेले. यावेळी कट्ट्यावर नाही, घरी. काकूंनी चहा केला. अण्णा उठले, देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याची किल्ली काढली आणि माझ्या हातात न देता चहाच्या कपाशेजारी ठेवली. अटी सांगितल्या: सामान मंडळाचंच राहील, शिवजयंतीला खोली मंडळाला पाहिजे, रात्री साडेआठला कुलूप, आणि लाईट बिलातला वाटा. वर कुणी मोठी बाई असल्याशिवाय पोरी बसणार नाहीत. मी सगळ्याला हो म्हटलं. लाईट बिलाचं काही वाटलं नव्हतं, कारण 200 युनिट फुकट आहेत असं डोक्यात बसलेलं. फुकट विजेची ती सरकारी योजना, गृहज्योती, घरगुती मीटरला, तालमीच्या मीटरला नव्हे, हे पहिलं बिल आलं तेव्हा कळलं. मग दर घरामागे महिन्याला वीस रुपये ठरवले. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकांचे महिन्याचे दोन हजार जमा झाले की त्यातलेच वीस माझ्याकडे येतात. पैसे उशिरा आले की वीसही उशिरा. एक घर अजून देत नाही. मी मागत नाही, त्यांच्या घरात काय आहे ते मला माहीत आहे.

कुलूप उघडलं तो दिवस मात्र सांगितला पाहिजे. आम्ही सात जणी गेलो, झाडू, घमेली, तोंडाला फडकी. दार उघडलं तर समोर अफझलखान. म्हणजे त्याची दाढी, एका काठीला अडकवलेली, आणि खाली अंगरखा. आमच्याकडे शिवजयंती 19 फेब्रुवारीला होते तशी वैशाख शुद्ध द्वितीयेलाही होते, आणि मोठी तीच. मग दोन-तीन दिवसांनी रात्रभर चित्ररथांची मिरवणूक, एकेका ट्रॉलीवर गल्लीतली पोरं सजीव देखावे करतात. त्या सगळ्या वर्षांचा माल माडीवर होता. पुठ्ठ्याच्या ढाली, चंदेरी कागद निघालेल्या तलवारी, मावळ्यांच्या पगड्या, थर्माकोलचा अर्धा रायगड, बुरुज उंदरांनी खाल्लेला. एका पेटीत वाघनखं, पत्र्याची, चांगली धारदार. ती तेवढी मी घरी नेऊन ठेवली, पोरं येणार म्हणून. जुन्या गणपतीचं सिंहासन होतं, लेझमी होत्या, आणि 1980 च्या आसपासच्या पावत्यांची पुस्तकं, ज्यात सव्वा रुपया, दीड रुपया अशी वर्गणी. वैनीला त्यात तिच्या सासऱ्यांचं नाव सापडलं: पाच रुपये, बाकी. बाकी अजून येणेच आहे, असं म्हणून आम्ही तिला दिवसभर छळलं.

फेकायचं काहीच नव्हतं, कारण सामान मंडळाचं. मग सगळं मागच्या भिंतीला लावून रचलं आणि पुढं जुनी साडी पडदा म्हणून बांधली. पुढच्या भागात पंधरा पोरं बसतील एवढी जागा झाली. सतरंज्या दोन देवळातून, एक मुजावर भाभींची. दोन ट्यूबलाईट. फळा नाही, म्हणून थोरलीनं दाराच्या मागच्या बाजूला खडूनं लिहायला सुरुवात केली. पहिली ओळ तिनं मुद्दाम लिहिली: उद्द – लांबी, अगल – रुंदी. अजून कुणी पुसलेली नाही.

पहिल्या आठवड्यात बावीस पोरं आली. तिसऱ्या आठवड्यात सहा. पंचांपैकी एक कट्ट्यावर म्हणालेच, झालं काय, एवढ्यासाठीच चाललं होतं? मला वाईट वाटलं, पण त्यांचं चूक नव्हतं. मग कळलं की मुलगे येत नाहीत, कारण पोरी असतात, आणि लहान मुली येत नाहीत, कारण जिन्यावर दिवा नाही. जिन्यावर बल्ब लावला. कन्नड मास्तर मंगळवारी आणि शुक्रवारी गणिताला बसायला लागले, फी न घेता, फक्त चहा. मुलग्यांना वेगळा वार दिला, तर ते आले आणि कॅरम मागायला लागले. कॅरम आणलं नाही. ते काही बरोबर केलं असं आता वाटत नाही, कारण त्यातले दोघे परत कधी आलेच नाहीत. पुस्तकं घरी नेऊन वाचायची असतील तर गणपत गल्लीत सार्वजनिक वाचनालय आहे, 1848 सालचं. तिथं मी चार पोरींना घेऊन गेले. पुस्तक घेऊन घरी आल्यावर परत तोच प्रश्न, वाचायचं कुठं. म्हणून ती पुस्तकंही माडीवरच वाचतात.

संक्रांतीला बायकांनी माडीवर हळदीकुंकू केलं. दरवर्षी घरोघरी फिरायचं, उंबऱ्यावर उभ्या-उभ्या तिळगूळ घ्यायचा आणि पुढं जायचं, कारण आत बसायला जागा नाही. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्या बसल्या. खाली, सतरंजीवर, पाय लांब करून. पारूआज्जी गल्लीत लग्न होऊन आल्या त्याला साठ वर्षं झाली असतील, त्या तालमीची माडी पहिल्यांदा बघत होत्या. पडद्यामागं काय आहे ते दाखवा म्हणाल्या. दाखवलं. रायगड बघून हात जोडले, दाढी बघून हसू लागल्या, आणि मग त्यांनी गल्लीतल्या जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगितल्या, ज्या त्यांनी कधी बघितल्या नव्हत्या, नुसत्या खिडकीतून ऐकल्या होत्या. कोण पडला ते लोकांच्या आवाजावरून कळायचं म्हणे. त्या दिवशी लवकर कुणीच उठलं नाही. साडेआठचं कुलूप साडेनऊला लागलं, आणि ते अण्णांना माहीत आहे, तरी ते बोलले नाहीत.

मार्चमध्ये परीक्षा सुरू झाल्यावर माडी भरून गेली. चार-पाच घरांतल्या पोरी रात्री तिथंच आणि आळीपाळीनं एक आई जागायला. माझी पाळी असली की मी हातशिलाईचं काम घेऊन जायची, काजं-बटणं. पोरी पाठ करताना पुटपुटतात, त्या आवाजात डोळा लागतो. थोरलीचे मार्क किती पडले ते सांगत नाही, तिनंच नको सांगितलंय, पास झाली एवढं पुरे.

एप्रिलमध्ये मंडळाची पोरं दारात आली. 29 तारखेला शिवजयंती, चित्ररथाची तालीम घ्यायची होती, सामान काढायचं होतं. पुढं उभा होता तो पुण्याला गेलेला पोरगा, सुट्टी काढून आलेला.

"काकी, किल्ली पाहिजे होती. पंधरा दिवस."

"किती ते किती? बायकांचं मंगळवारी भजन असतं."

"मंगळवार सोडून. लिहून देऊ काय?"

मी म्हटलं, दे की लिहून. त्यानं खिशातून पेन काढलं आणि वहीच्या पानावर तिथंच, उंबऱ्यावर वही टेकवून, अर्ज लिहिला. मराठीत. खाली पाच नावं घातली, त्यात पाचवं माझं होतं. मग मी किल्ली दिली, आणि आतल्या डब्यातली वाघनखं पण काढून दिली.